सव्वाचार इंचांभोवतीचं गवत

आमच्या उमरीकडं हरळी म्हणजे वैरीण. कापसाच्या नाहीतर सोयाबीनच्या वावरात ती एकदा शिरली की औताखाली तिचे तुकडे होतात आणि तुकडा न् तुकडा पुन्हा रुजतो. उन्हाळ्यात खोल नांगरट करायची, वर आलेल्या काशा वेचायच्या, बांधावर ढीग घालून जाळायच्या. मृगाचे दोन पाऊस झाले की बाई परत हजर. भाद्रपदात तिच्याच कोवळ्या शेंड्यांच्या एकवीस-एकवीसच्या जुड्या करून गणपतीला वाहायच्या, एवढाच काय तो तिचा मान. हीच हरळी, म्हणजे तिचे निवडून वाढवलेले बुटके वाण, गोल्फच्या मैदानात तीन-चार मिलिमीटरवर कापून, विंचरून, वर वाळू पसरून लेकरासारखी सांभाळतात. तिथं तिला बर्म्युडा म्हणतात. जिला उपटण्यात आमच्या पिढ्या गेल्या, तिच्यावर चालायला मिळावं म्हणून माणसं लाखांनी प्रवेशशुल्क भरतात, हे कळल्यावर आधी हसूच आलं. मग ते गवत वाकून बघायची सवय लागली.

उमरी स्टेशनावरून एका बाजूची गाडी हैदराबादला जाते, दुसऱ्या बाजूची मुंबईला. पुण्याच्या ट्रॅव्हल्स रोज संध्याकाळी नांदेडहून भरून सुटतात. आपली पोरं त्यांतून जातात, दहा-बारा वर्षांत बऱ्या हुद्द्याला पोचतात, आणि एखाद्या शनिवारी साहेब गोल्फला बोलावतो. दोनदा चेंडू नीट लागला की चटक लागते, आणि मग त्या परक्या शहरात परवडेल असा क्लब कुठला, याचा शोध सुरू होतो. माझ्या भाच्याचा असाच फोन आला.

"मामा, लॉबी बघायला पाहिजे होती तुम्ही. सगळा संगमरवर!"

"ग्रीन कसे आहेत?"

"हिरवेगार आहेत की."

जमीन घ्यायला निघालेला कुणबी बांधावरचा बंगला बघत नाही. ढेकूळ हातात घेऊन चुरतो, विहिरीत डोकावतो, पावसाचं पाणी कुठं तुंबतं ते विचारतो, शेजारच्या वावरातल्या सालगड्याशी तंबाखू मळत बोलतो. क्लबही असाच बघावा. लॉबीत पैसा दिसतो, गवतात कसब दिसतं, आणि बेताच्या पैशात क्लब घेणाऱ्यानं कसबाच्या मागं जावं. ते ओळखता येतं. डोळा मात्र जमिनीवर ठेवावा लागतो.

पहिला प्रश्न पाण्याचा. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे ज्याला आठवतं त्याला मैदानातले फवारे निवांतपणे बघवत नाहीत, आणि बघवूही नयेत. पाणी कुठलं, असं सरळ विचारावं. सांडपाणी शुद्ध करून वापरतो, पावसाचं तळ्यात साठवतो, असं उत्तर पटकन आलं तर पुढं बोलावं. टँकरचं नाव निघालं तर ते बिल आज ना उद्या सभासदांच्याच वर्गणीत उतरणार. पण खरं उत्तर मे महिन्यात मैदानच देतं. प्रत्येक टप्पा, म्हणजे होल, जिथून सुरू होतो तो टीचा चौथरा, तिथून भोकाकडं जाणारा कापलेला पट्टा म्हणजे फेअरवे, दोन्ही अंगांना वाढू दिलेलं गवत म्हणजे रफ, आणि शेवटी भोकाभोवतीची गुळगुळीत हिरवळ म्हणजे ग्रीन. जाणत्या मैदानात मे महिन्यात रफ वाळून पिवळा पडलेला असतो, फेअरवे फिकट असतो, ग्रीन तेवढे ओले. ज्याला जेवढं हवं तेवढंच पाणी. सगळीकडं सारखा हिरवागार रंग म्हणजे पैशाची उधळपट्टी. रंग पायरीपायरीनं गडद होत ग्रीनपाशी जाऊन थांबलेला दिसला की समजावं, इथला माळी पाण्याचा हिशोब जाणतो. आणि सातव्या-आठव्या होलला खेळणाऱ्याचे चेंडू गिळायला ठेवलेलं तळंच जर मैदानाची साठवण असेल, तर आखणाऱ्याला दाद द्यावी. एकाच पाण्यानं त्यानं अडथळाही केला आणि उन्हाळाही तारला.

आता ग्रीन. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण गोल्फमधले बरेच फटके इथं खर्ची पडतात आणि क्लबाची खरी परीक्षाही इथंच होते. पहिल्यांदा पावसाळ्यात, मोठी सर येऊन गेल्यावर तासाभरानं जाऊन बघा. काळ्या जमिनीत वाढलेल्याला निचरा म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. आमच्याकडं पाऊस झाला की चार दिवस औत घालता येत नाही. नीट बांधलेल्या ग्रीनखाली साधारण 30 सेंटिमीटर वाळूमिश्रित थर, त्याखाली 10 सेंटिमीटर खडी आणि खडीत पाणी वाहून नेणारे पाइप असतात. वरून ती निव्वळ हिरवळ दिसते. प्रत्यक्षात ती एक गाळणी आहे. सर ओसरल्यावर तासाभरात त्यावर बूट रुततो की नाही एवढं बघितलं तरी खाली किती खर्च केलाय आणि किती वाचवलाय ते कळतं. जमिनीखाली पुरलेला हा खर्च कुठल्याही माहितीपत्रात छापलेला नसतो. म्हणूनच जिथं तो केलेला असतो तिथं मला आदर वाटतो.

मग खाली वाकून गवताचं पातं बघा. ग्रीन कापायचं यंत्र कात्रीसारखं चालतं: वरचा फिरता रूळ आणि खालचं स्थिर पातं. धार चांगली असेल तर गवताचं टोक स्वच्छ कापलं जातं. धार बोथट असेल तर टोक फाटतं, वाळतं, आणि दुपारपर्यंत पूर्ण ग्रीनवर राखाडी झाक चढते. रोग नाही, पाणी कमी नाही, खत कमी नाही. फक्त धार लावलेली नाही. महागड्या क्लबांतही मी ही झाक बघितली आहे आणि तुलनेनं गरीब क्लबांत पोपटासारखं हिरवं टोक बघितलं आहे. कापण्याची दिशाही बघावी. आज उत्तर-दक्षिण, उद्या पूर्व-पश्चिम, परवा तिरकी, अशी ती बदलत राहिली तर गवत एका अंगावर झोपत नाही. पहाटे दव असताना गेलात तर आजच्या पट्ट्यांखाली कालच्या पट्ट्यांची पुसट जाळी दिसते. विणकरानं उभा-आडवा धागा घालावा तसं ते काम असतं, आणि आठ वाजता ऊन चढलं की कुणालाच दिसत नाही.

हरळीला कल असतो, म्हणजे तिची पाती एका दिशेला झुकून वाढतात. कलाच्या बाजूनं बघितलं तर ग्रीन चकाकतो, उलट्या बाजूनं काळपट दिसतो. चकाकीच्या दिशेनं मारलेला चेंडू पळतो, काळोखीकडं मारलेला अडखळतो. नवा खेळाडू फक्त उतार बघतो. मुरलेला उतार आणि कल दोन्ही बघतो, आणि दोघं एकमेकांच्या विरुद्ध असले तर क्षणभर थांबतो. खूण भोकापाशीच सापडते. कडेचं गवत एका बाजूनं नेटकं आणि दुसऱ्या बाजूनं थोडं झिजलेलं, फिसकटलेलं असतं. कल त्या झिजलेल्या बाजूकडं. ही बारकाई पुस्तकातून कळली तरी पटते ती डोळ्यांनी, आणि एकदा पटली की कुठल्याही मैदानात पहिली नजर तिकडंच जाते.

ग्रीनचा वेग मोजायची पट्टी आहे, स्टिंपमीटर. 1935 साली ओकमाँटच्या अमेरिकन ओपनमध्ये ग्रीन अमानुष वेगवान आहेत असं एडवर्ड स्टिंप्सन नावाच्या खेळाडूला वाटलं आणि ते सिद्ध करायला त्यानं हे साधन बनवलं. सुमारे 91 सेंटिमीटर लांबीची खाचेची पट्टी, टोकापासून ठरावीक अंतरावर चेंडू ठेवायचा, पट्टी हळूहळू वर उचलायची. चेंडू सुटून सपाट जागी जितके फूट जाईल तितका वेग. स्पर्धांचे ग्रीन दहाच्या पुढं जातात, रोजच्या वापराचे सात-आठ-नऊ असतात. नवख्याला दहाचा आकडा भुरळ घालतो. मला विचाराल तर अठराच्या अठरा ग्रीन आठ असलेला क्लब घ्यावा, तीन ग्रीन अकराचे आणि उरलेले सगळे सहाचे असलेला सोडावा. सारखेपणा राखायला रोज पहाटे माणसं लागतात. चमक एका स्पर्धेपुरती आणता येते.

आता भोक. त्याचा व्यास 108 मिलिमीटर, म्हणजे सव्वाचार इंच. हा आकडा 1891 पासून नियमात आहे. सगळं मैदान, तळी, झाडं, माळ्यांचा पगार, सभासदांच्या वर्गण्या या सव्वाचार इंचांसाठी. ते रोज किंवा दिवसाआड हलवतात: पोकळ नळीच्या हत्यारानं नवीन जागी गवताचा माती-मुळांसकट गोल ठोकळा काढायचा आणि तोच जुन्या भोकात बसवायचा. ज्याला या कामाचं कौतुक करायचं त्यानं नवीन भोक बघू नये, जुनं शोधावं. ठोकळा सभोवतालच्या पातळीत बसलेला असेल तर तळहात फिरवला तरी जोड लागत नाही. दिसते ती फिकट वर्तुळाची रेघ, तीही दोन-तीन दिवसच. खोल बसला तर खळगा, उंच राहिला तर पुढच्या वेळी यंत्र त्याचं डोकं सोलतं आणि तपकिरी डाग उरतो. एका ग्रीनवर मागच्या आठवड्याच्या भोकांच्या जागा एकही डाग न दिसता पुसल्या गेल्या असतील तर त्या माणसाचं नाव विचारून घ्यावं.

जुन्या आणि छोट्या मैदानांवर ग्रीनऐवजी ब्राउन असायचे: तेल घालून दाबलेली वाळू. खेळून झालं की पाऊलखुणा पुसायला तिच्यावरून गोलगोल फरफटा ओढायचा. आज त्यांना हसतात, पण पाण्याशिवाय चेंडू सरळ लोळवायची ती युक्ती मराठवाड्याला साजेशी होती.

बंकर, म्हणजे मैदानातले वाळूचे खड्डे, यांबद्दल थोडकंच. वाळूत दाताळं पडलेलं आहे का आणि पाऊलखुणा विंचरलेल्या आहेत का, एवढं बघा. विंचरून जायची सवय सभासदांची असते, माळ्याची नव्हे. ग्रीनवर चेंडू आपटून पडलेले खळगे बुजवलेत का, तेही त्यातलंच.

मैदानाच्या आखणीत स्वस्त-महागाचा एक हिशोब दडलेला असतो तो कार्डावर दिसत नाही. पुण्यात येरवड्याचं पूना क्लबचं गोल्फ मैदान जुनं, झाडीचं. तिथं पायी फिरत खेळायचं. लोहगावची विमानं जवळ असल्यानं ऐन पटच्या, म्हणजे ग्रीनवर चेंडू भोकाकडं लोटायच्या, वेळी आभाळ गडगडतं, तेवढी सवय करून घ्यायची. उलट बावधनकडच्या टेकड्यांवरचं ऑक्सफर्ड गोल्फ मैदान डोंगरउताराचं. दृश्य देखणं, पण चढउतार म्हटला की बग्गी आली आणि बग्गीचं भाडं आलं. हैदराबादला गोवळकोंड्याच्या नया किल्ल्याला लागून मैदान आहे. काळ्या खडकांच्या आणि जुन्या तटाच्या शेजारी खेळायचं, आणि किल्ल्यात एक प्रचंड गोरखचिंच. नवी मुंबईत सिडकोनं खारघरच्या डोंगराखाली मैदान बांधलं, ते क्लबाबाहेरच्यांनाही शुल्क भरून खेळता यावं म्हणून. नवख्यानं तिथं काही महिने काढून मग सभासदत्वाचा विचार केला तर शहाणपणाचं. नाशकात मात्र गोल्फ क्लब शोधत गेलात तर हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर पोचाल. लोक त्याला गोल्फ क्लब मैदान म्हणतात आणि तिथं क्रिकेट चालतं.

नऊ होलचं मैदान बघून नाक मुरडू नका. चांगल्या नऊ होलच्या मैदानात प्रत्येक होलला दोन वेगळे टी असतात, आणि दुसऱ्या फेरीत तेच झाड डावीकडून उजवीकडं आलेलं असतं. जागेच्या टंचाईतून कला कशी निघते याचा ठळक दाखला स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचा: तिथं 1764 साली बावीसचे अठरा होल झाले आणि आजही सात ग्रीन जोडग्रीन आहेत. एकाच हिरवळीवर जाणारा आणि येणारा दोघंही खेळतात. दोन निशाणांमध्ये तिथं इतकी ऐसपैस जागा असते की अडचणीचं रूपांतर ऐश्वर्यात झालंय असं वाटतं.

मग स्टार्टरच्या, म्हणजे गटांना वेळेनुसार खेळायला सोडणाऱ्याच्या, टेबलापाशी जा. शनिवारचा तक्ता भिंतीवर असतो. चौघांचा गट दर दहा मिनिटांनी सोडला तर तासात चोवीस माणसं. सकाळी सहा ते दहात पहिल्या टीवरून शहाण्णव. आता विचारा, सभासद किती? हजारांच्या पुढं असतील आणि निम्म्यांना शनिवारीच यायचं असेल, तर वर्गणी कितीही कमी असली तरी तुम्हाला मिळणारी वेळ दुपारी दोनची. तक्त्यात एकाच गटाची नावं दर आठवड्याला साडेसहाला असतील तर तेही नजरेतून सुटू देऊ नका. नवख्यांसाठी रोज दोन-चार जागा राखून ठेवणारा आणि ते नियमात लिहून भिंतीवर लावणारा क्लब मी बघितला आहे. त्या एका ओळीनं मला त्यांच्या सगळ्या ट्रॉफ्यांपेक्षा जास्त सांगितलं.

आता पैसे. प्रवेशशुल्क परत मिळत नाही, अनामत मिळते. कुठल्या रकमेला काय म्हटलंय ते शब्दन् शब्द वाचावं. सभासदत्व कायमचं की ठरावीक वर्षांचं, पुढं मुलाला देता येतं का, बायकोला खेळता येतं की फक्त जेवता येतं, दरमहा कँटीनमध्ये किमान खर्चाची अट आहे का, हे सगळं बारीक अक्षरात असतं. समजा, प्रवेशशुल्क 5 लाख आणि महिन्याची वर्गणी 3,000. शुल्क दहा वर्षांवर पसरलं तर वर्षाला 50,000, वर्गणीचे 36,000, मिळून 86,000. त्यावर 18 टक्के जीएसटी धरला की 1,01,480. वर्षात चाळीस फेऱ्या खेळलात तर फेरीला 2,537, काठ्या वाहणाऱ्या कॅडीचे पैसे वेगळे. बाराच खेळलात तर साडेआठ हजारांच्या घरात. म्हणून मी भाच्याला क्लबाचे दर विचारलेच नाहीत. गेल्या वर्षी तू किती रविवार मोकळा होतास, ते विचारलं. आठवडी दिवसांचं सभासदत्व स्वस्त असतं, पण कंपनीतल्या माणसाला मंगळवारी सकाळी सुट्टी कोण देतो?

मैदानाचं स्कोअरकार्ड फुकट मिळतं, ते घरी नेऊन सावकाश वाचा. चार छोटे होल, म्हणजे पार तीनचे, तीन फटक्यांत उरकायचे, सगळे दीडशे-एकशेसाठ यार्डांचे असतील तर आखणाऱ्याचा हात कंजूस. एक एकशेतीसचा, एक एकशेसत्तरचा, एक दोनशेच्या पुढचा, शिवाय त्यांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना, म्हणजे वारा प्रत्येक वेळी नव्या अंगानं येणार. तिथं कुणीतरी विचार केला आहे. स्लोपचा, म्हणजे सर्वसाधारण खेळाडूला मैदान किती अवघड जातं त्याचा, आकडाही बघावा. 113 हा सर्वसाधारण मैदानाचा मानलेला आकडा आणि मोजपट्टी 55 ते 155 ची. आखूड मैदानाचा स्लोप 120 च्या वर असेल तर ते लांबीनं नव्हे, चतुराईनं अडवतं. कमी वर्गणीत असं मैदान मिळणं म्हणजे मोठंच भाग्य.

शेवटी सालगड्याकडं वळतो. कॅडीइतकं मैदान कुणीच वाचलेलं नसतं. ग्रीनवर तो बसतो, निशाणामागून एकदा बघतो आणि म्हणतो, "साहेब, दीड कप डावीकडं, जोर कमी." उताराचं माप तो भोकाच्या रुंदीत सांगतो, अंश नाही, इंच नाही, कप. हे मोजमाप इतकं नेमकं आहे की चुकलात तर चूक तुमच्या हाताची. पुढं उभा राहून चेंडू कुठं पडतो ते बघणाऱ्याला आगेवाला म्हणतात. रफमध्ये हरवलेला चेंडू त्याला गवताच्या एका वाकलेल्या काडीवरून सापडतो. कॅडीच्या खांद्याला वाळूची पिशवी असेल आणि प्रत्येक फटक्यानंतर उखडलेल्या जागी तो न सांगता मूठभर वाळू टाकत असेल, तर फेअरवेची चिंता सोडा. त्यांच्या बाकावर पंखा आहे का, पाणी कुठलं पितात, दर फलकावर लिहिलाय की प्रत्येकाशी घासाघीस होते, हेही बघा.

अनेक क्लबांत सोमवारी मैदान सभासदांना बंद असतं आणि कॅडींना खेळू देतात. क्लब बघायला त्याच दिवशी जावं. दिल्ली गोल्फ क्लबचा कॅडी अली शेर 1991 साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू ठरला, तो याच वाटेनं. चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबजवळच्या वस्तीत कॅडींनी गल्लीतच गोल्फ मांडला आहे: बांधकामाची सळई वाकवून काठी, प्लॅस्टिकचा चेंडू, आणि दोन घरांमधली बोळ हाच फेअरवे. ज्याला सळईनं पत्र्यांमधून चेंडू काढता येतो त्याच्या हातात खरी काठी आली की काय होतं ते सोमवारी दिसतं. बूट कुणाच्या तरी मापाचे, काठ्या तीन वेगवेगळ्या संचांतल्या, हातमोजा नाही. मागं जाताना मनगट उशिरा मोडतं, खाली येताना कंबर आधी वळते, हात मागून येतात, आणि चेंडूपुढची हरळी विड्याच्या पानाएवढी पातळ सोलून निघते. मग तो ते पान उचलून आणतो, जागेवर ठेवतो, बुटानं दाबतो आणि पुढं चालू लागतो. हे बघून झालं की ऑफिसात जाऊन अर्ज मागावा, आणि सोबत प्रवेशशुल्काचे हप्ते करून देता का तेही विचारावं.